अळीने खाल्लेलं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष व आपल्या बालशाळेच्या समितीचे प्रमुख, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी शिक्षिका, पालकहो, आणि हलणार नाही असं कबूल करून पहिल्या रांगेत सारखे हलणारे माझे छोटे श्रोते, सर्वांना मनापासून नमस्कार. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो, त्यांना मुलं पाचोळाबाई म्हणतात. मुख्याध्यापिका म्हणून मी हे नाव बंद करून पाहिलं. पण बाई स्वतःच त्या नावाला ओ द्यायच्या, तिथे माझं काय चालणार?

बाईंचा तास पानांच्या ठशांचा. झाडाचं पान तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं. रंग उलट्या बाजूला लावायचा, कारण शिरा तिकडे वर आलेल्या असतात. मग वर कागद ठेवून तळहाताने दाबायचं. खरी मारामारी व्हायची ती अळीने खाल्लेल्या पानासाठी. मला वाटायचं, इतकी धड पानं असताना ही कुरतडलेली कशाला?

एका प्रदर्शनाच्या सकाळी मी भिंतीवरचे ठसे पाहिले. नुसती पांढरी भोकं! पाहुणे काय म्हणतील? घेतला ब्रश आणि एकेक भोक हिरव्या रंगाने बुजवून टाकलं. बाई येईपर्यंत चौदा पानं दुरुस्त. दुपारी एक चिमुरडी आईला ओढत घेऊन आली, भिंतीसमोर थांबली आणि रडायलाच लागली.

"माझ्या अळीची जागा कुणी बुजवली?"

"अगं, किती छान दिसतंय!" आई म्हणाली.

"माझं नाहीच ते!"

मी शेजारीच उभी होते. बोटांना हिरवा रंग होता, म्हणून हात पाठीमागे घेतले. बाईंनी ते पाहिलं आणि मागून माझ्या हातात ओलं फडकं दिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तरी मी शहाणी झाले असेन, असं वाटतंय ना? झाले हो, पण त्या शहाणपणाचा उपयोग काय? कपड्यांना डाग पडतात, मुलं मातीत खेळतात, अशा तक्रारी आल्या. समितीने ठरवलं, बाई निवृत्त झाल्या की हा तास बंद, त्याऐवजी तयार रबरी शिक्के. अध्यक्षमहाराज, मी तुम्हाला दोनदा विनवलं आणि तिसऱ्या वेळी त्या ठरावावर सही केली. नेहमीसारखीच सही झाली. बाईंना सांगायला गेले तर म्हणाल्या, "असू द्या. तुमच्या तरी हातात काय आहे?" इतकं लागेल असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं.

शिक्क्यांचं खोकं काल आलं. बारा शिक्के, बाराही पानांचे, सगळी पानं एकसारखी. सोमवारी ते मीच वाटणार आहे. बाईंनी मुलांना एक सवय लावली आहे. पान हातात आलं की रंगाला शिवण्याआधी ज्या झाडाचं ते पान, त्या झाडाला हात लावून यायचं. सोमवारी शिक्का मिळताच ही सगळी अंगणात धावतील. बाई, त्यांना मी कोणत्या झाडाकडे पाठवू?

आपण वेळ काढून आलात, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. जे केलं, त्याची माफी मागण्याचा धीर मला होत नाही.