जाऊबाईंना पिक हवंय

नाही नाही, ते परत ठेव डबीत. गुलाबी आहे म्हणून घेतेस होय? डिंपल, गिटारचं पिक म्हणजे टिकली नाही बाई, साडीला मॅच करायला. बस त्या स्टुलावर, आणि ढोलकीला पाय लागू देऊ नको, तिचं गिऱ्हाईक दोंडाईच्याहून यायचंय — हो, तुझ्याच माहेरचं. तुझ्या माहेरी काय, सगळेच वाजवणारे. आता मला सांग, वाजवणार काय आहेस तू? कानबाईची गाणी, ते माहीत आहे मला. अख्ख्या भाऊबंदकीला माहीत आहे. रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसणार, रात्री बायका गाणी म्हणणार आणि धाकटी सून गिटारवर साथ करणार — आईंचे पारोळ्याच्या मावशीपासून सगळ्यांना फोन झालेत. नैवेद्याच्या रोटांचं दळण राहिलंय बाजूला, पण फोन झाले. मी विचारते ते वेगळं. सगळ्या तारांवरून हात फिरवत नुसती चाल धरणार, का मध्येमध्ये एकेक तार छेडून सूर काढणार? कारण पिक त्याच्यावर ठरतं. माणसाच्या हातावर ठरतं, रंगावर नाही.

दोन्ही करणार? दोन्ही. बरं. असणारच म्हणा, तुला येतंच सगळं. मग हे घे. हे जाड आहे, हेवी म्हणतात याला. अजिबात वाकत नाही, आवाज खणखणीत, चाळीस बायका गात असल्या तरी त्यांच्यावरून ऐकू जाईल. घे आणि नीघ, आईंना चहा लागेल. पाकीट कशाला पाहिजे, घरचंच दुकान आहे. — वाजवून बघतेस? त्यात काय बघायचंय? मी सांगते ना, मी या काउंटरला नऊ वर्षं पिकं विकतेय, धुळ्यातले सगळे क्लासवाले माझ्याकडून नेतात. बरं बाई, बघ. तुझं समाधान होऊ दे. भिंतीवरची ती दुसरी काढ, पहिलीचा गळा वाकडा झालाय, उन्हाने.

हं. वाजव ना, थांबलीस का. — खाटखाट वाजतंय, ऐकतेय मी. तार अडकतेय त्याच्यात, हात पुढे जात नाही. असंच होणार. जाड पिकाने चाल धरली की असंच होतं, गाणं बाजूला आणि खाटखाट पुढे, एखादी तार तुटायचीसुद्धा. तुला वाटलं तुझा हात बिघडलाय? तुझा हात चांगला आहे. मीच चुकीचं दिलं. चुकून नाही गं, मुद्दाम दिलं. अशी बघू नको माझ्याकडे. जळते मी तुझ्यावर. आता सांगूनच टाकते, कोणी गिऱ्हाईक नाहीये तोवर — लग्न होऊन तुला पुरते चार महिने नाही झाले, अजून तुझ्या हाताची मेंदी माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तू कानबाईसमोर गिटार घेऊन बसणार, पारोळ्याची मावशी तुझी दृष्ट काढणार, आणि मी आत रोट भाजत बसणार. जळू नको तर काय करू? तुझं काही वाकडं व्हावं असं नाही वाटत मला. पण तिथे एक तार तुटली असती ना, तर मला रात्री छान झोप लागली असती.

मी कॉलेजात वाजवायचे. तुला कोणी सांगितलं नसेलच. जळगावला होते तेव्हा, गॅदरिंगला दरवर्षी मीच, आमच्या वर्गातली पोरं माझ्यामागे बसून कोरस म्हणायची. आणि स्थळ आलं ते वाद्यांच्या दुकानाचं. मैत्रिणी म्हणाल्या, नूतन, तुझं नशीब फळफळलं, सासरी भिंतभर गिटारी टांगलेल्या आहेत. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. बघायला आले तेव्हा ह्यांनी — तुझ्या जेठांनी — मला वाजवायला लावलं, आणि ऐकून इतके खूश झाले, म्हणाले, मी पण शिकतोय. शिकत होतेच ते. अजून शिकताहेत. दुकानाचे मालक, प्रेमराजभाऊ म्हणून सगळा आग्रा रोड नमस्कार करतो, आणि एका बोटाने सहाही तारा दाबायच्या म्हटल्या की आजपर्यंत आवाज नाही निघालेला. लग्नानंतर एकदा मी ह्यांचं बोट धरून दाखवायला गेले — असं ठेवा, अंगठा मागे घ्या — तर उठून गेले. हसू नको. मीही हसले होते तेव्हा.

मग पहिली कानबाई आली. मी माहेराहून आंदणात गिटार आणलेली, साडीत गुंडाळून कपाटावर ठेवली होती. ती काढली, पुसली, सूर लावले. हे आले आणि म्हणाले, नूतन, ठेव ते, आईला नाही चालायचं. मी म्हटलं, का? तर म्हणे, आपण जी वस्तू विकतो ती घरची सून मांडीवर घेऊन बसली, तर लोक काय म्हणतील, आणि आई जुन्या वळणाची, तू तिला विचारायला जाऊ नको, दुखावेल ती, मी बघतो हळूहळू. आई तेव्हा होत्याही कडक, तू आता बघतेस त्या निम्म्याही नाहीत. मी ठेवली. दरवर्षी वाटायचं या वर्षी हळूहळू होईल. मग लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, गिटार घरात पडून, एक पारोळ्याचा मुलगा जुनी मागत आला तर ह्यांनी ती देऊन टाकली. पोत्यात मीच गुंडाळली. गळा हलू नये म्हणून मध्ये माझीच ओढणी घातली.

जाऊ दे, दे तो हात इकडे. हे घे, हे तुझं. पातळ, थिन. बघ, बोटाने दाबलं की कसं लवतं. सगळ्या तारांवरून हात फिरवायचा तर हेच, तारेला मारायचं नाही, नुसतं पुसत जायचं. धरायचं कसं ठाऊक आहे? आवळायचं नाही. भाजीवर मीठ टाकताना चिमूट धरतेस ना, तेवढंच. टोक जेमतेम बाहेर. आणि घामेजलं की निसटतं, निसटून गिटारीच्या पोटात पडतं, मग सगळ्यांसमोर गिटार उलटी धरून हलवत बसायचं — म्हणून हे खरखरीत बघून दिलं, आणि वर एक जास्तीचं, पदराच्या गाठीत बांधून ठेव. मध्येमध्ये सूर काढायचे म्हणालीस ते मधल्या जाडीच्या पिकाने होईल, पण तू नको काढू. बायका गात असताना मध्ये लुडबुड करायची नाही. हे जळून नाही सांगत, खरंच सांगते. वाजव. — हं. आता लागलं. आता छान लागलं.

एक विचारू? आईंना पटवलंस कसं गं तू? तुझ्या अभिमनने घातलं असेल कानावर, धाकटा आहे, लाडका आहे. — नाही? मग मामंजींनी? — तूच? तू स्वतः? कधी? मेथी निवडताना. आणि विचारलंस काय, सरळ? ‘आई, मी कानबाईला गिटार वाजवू का?’ असं? आणि त्या काय म्हणाल्या? ‘वाजाड ना माय, कोन नही म्हनस तुले?’ एवढंच? मेथी निवडता निवडता? हात पण थांबला नाही त्यांचा?

एवढंच होतं होय.

आणखी काही म्हणाल्या का? सांग ना. माझं नाव काढलं? सांग, मला नाही राग यायचा, जशा म्हणाल्या तसंच सांग, त्यांच्या शब्दांत. — ‘मोठी बी वाजाडे म्हने. तिनीच सोडी दिन्हं. माले कोनी इचारंच नही.’

मीच सोडलं. असं वाटतंय त्यांना. असं कोणी सांगितलं असेल त्यांना, डिंपल? नऊ वर्षं आम्ही दोघी एका ओट्याशी उभ्या राहतो. कानबाईच्या रात्री त्या मला दोनदा-तीनदा म्हणायच्या, ‘नूतन, बस ना बाहेर, गानं म्हन’ — आणि मला वाटायचं, टोमणा मारताहेत. मी मुद्दाम आतच बसायचे. त्यांना वाटत असेल, शिकलेली आहे, हिला आमची गाणी कमी वाटतात. खरंच, मी एकदाही नाही विचारलं गं. तू आलीस आणि मेथी निवडताना विचारून मोकळी झालीस. मला ह्यांनी सांगितलं विचारू नको, आणि मी नाही विचारलं. आईंना नाही चालायचं म्हणे. आईंना. ज्यांचं बोट तारांवर लागत नव्हतं त्यांना नव्हतं चालत.

नाही, रडत नाहीये. पाणी नको. तू रविवारी वाजव, चांगलं वाजव, आता मी त्याच्यावर नाही जळत. तुझं काय आहे त्यात? — थांब, टेम्पो लागला का बाहेर? हेच आहेत, गोडाउनवरून आले. तू नीघ. नाही, तू नको थांबू, आमच्या दोघांचं आहे हे, मागच्या दाराने जा. आईंना सांग, मोठी उशिरा येईल आज. आणि ती गिटार भिंतीवर टांगू नकोस. इकडे दे, माझ्या मांडीवर. हं. आता जा.