दौंडला इंजिन फिरेपर्यंत

नगरहून पुण्याला जाताना दौंड जंक्शनला गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आठवतं ना? तेवढ्या अर्ध्या तासात माझा मामा फलाटावर येऊन आईला जेवणाचा डबा द्यायचा. कधी चुकला नाही.

यंदा आईला ऑपरेशनसाठी पुण्याला नेत होतो. गाडी जंक्शनात शिरलीच नाही, बाहेरच्या नव्या मार्गानं सरळ निघाली. तेवढ्यात मामाचा फोन आला.

"अक्का, कुठवर आलीस? मी डबा घिऊन हुबा हाय."

"आरं, गाडी आता तिथं येतच न्हाई. तूच खा. येताना उतरते तुझ्याकडं."

आईला परत आणलं ते शववाहिकेतून, शिरूरच्या रस्त्यानं. त्या रस्त्यावर दौंड लागत नाही.