परत आलेल्या पाट्यांचं कपाट

(सासू-सून इकडे वर्कशॉपमध्ये, मुलगा परदेशातल्या एका शोरूममधून फोनवर.)

मुलगा : …आणि मासा असा पोहत अंगावर आला ना, की मी खरंच मागे सरकलो. भिंतभर पडदा, अगं! एवढं स्वच्छ चित्र मी जन्मात बघितलं नाही.

सून : मासे राहू देत. हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहात आपल्याला मासे सोडायचे नाहीत. काळ्यावर पांढरा आकडा आणि खाली डॉक्टरांच्या खोलीचा नंबर, एवढंच दाखवायचंय. ते लावून बघितलंस?

मुलगा : बघतो ना. आत्ता कुठे या लोकांबरोबर जेवून आलोय.

सासूबाई : कारखानदाराने जेवायला नेलं?

मुलगा : हो आई. विमानतळावर गाडी पाठवली, हॉटेलात फुलं ठेवली. परक्या मुलखात एवढं कोण करतं?

सासूबाई : चैन आहे बुवा. सासरीसुद्धा तुझी एवढी सरबराई होत नाही.

सून : आई!

सासूबाई : गंमत केली गं. तू विचार तुझं.

सून : ऐक, त्यांना आकडा लावायला सांग. आणि पडद्याचा उजेड अगदी कमी करायला सांग. भर उजेडात सगळेच पडदे देखणे दिसतात.

मुलगा : सांगतो… हं, हे बघ. दिसतंय?

सून : फोन जरा उजवीकडे ने. तो कोपरा गुलाबी का मारतोय?

मुलगा : कुठे? … हं. आहे खरा. ते म्हणतात, हा नमुन्याचा पडदा आहे, वेगवेगळ्या वेळच्या पाट्या जोडल्यात. आपल्या मालात तसं होणार नाही.

सासूबाई : पाट्या कसल्या?

सून : पडदा म्हणजे काही एक सलग काच नसते, आई. फरशी बसवावी तशा दिव्यांच्या छोट्या पाट्या शेजारी शेजारी बसवतात.

सासूबाई : मग लोकरीसारखंच झालं. एका रंगाचे गुंडे संपले आणि दुसरे आणले, की स्वेटरची बाही वेगळी दिसते.

सून : अगदी तसंच. म्हणून त्यांना विचार, सगळ्या पाट्या एकाच घाण्यातल्या देणार का? पुढे बदलायला लागतील त्या जादाच्यासुद्धा?

मुलगा : म्हणतात, नो प्रॉब्लेम.

सून : आणि वर्षभराने बिघडला तर कोण बघणार?

मुलगा : नो प्रॉब्लेम.

सून : बिघडून परत आलेला माल दाखवतील?

मुलगा : थांब हं… हसतायत गं. म्हणतात, आमचा माल परत येतच नाही.

सून : बरं. आणि पाट्या बनतात कुठे, ते?

मुलगा : ते उद्या. आज म्हणे तिथे साफसफाई चाललीय. हे बघ, तू फार शंका काढतेस. उद्घाटनाच्या आधी माल पोचवतो, असं लिहून द्यायला तयार आहेत ते. हॉस्पिटलच्या अधीक्षकांना आणखी काय हवंय?

सासूबाई : एवढं मात्र खरं बोलतोय गं तो. त्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून जन्म काढला, अधीक्षकांना मी ओळखते. नवी इमारत, फीत कापायला बडे पाहुणे, आणि भिंतीवर पडद्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबकळतायत… तो माणूस पुन्हा आपल्याला दारात उभं करायचा नाही.

सून : ठाऊक आहे, आई. दर्शनी भिंतीचा मोठा पडदा आणि प्रतीक्षागृहातले आकड्यांचे, एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय. हे हातचं गेलं तर आहेतच आपल्या दुकानांवरच्या नावाच्या पाट्या बनवायला.

मुलगा : मग करू सही?

सून : उद्या कारखाना बघ. मग बोलू.

(दुसरा दिवस. सासू-सून वर्कशॉपमध्ये, मुलगा पुन्हा फोनवर.)

मुलगा : कारखाना नाहीच आहे त्यांचा.

सून : म्हणजे?

मुलगा : म्हणजे शोरूम त्यांची, बाकी सगळं उसनं. गाडीत घालून कुठल्या कुठे नेलं. दारावर नाव भलत्याचंच. आणि पहारेकऱ्याने आमच्या साहेबांनाच अडवलं, आपण कोण म्हणून! मी आपला इकडेतिकडे बघत उभा.

सासूबाई : अरेरे. आणि एवढं जेवू घातलं ते?

मुलगा : अंगी लागलं नाही म्हण.

सून : दुसऱ्याचा माल विकणं हा काही गुन्हा नाही. पण ते लपवलं. उद्या पडदा बंद पडला, तर आपण नेमकं कुणाचं दार वाजवायचं? … तुला मी दुसरा एक पत्ता दिला होता.

मुलगा : तिथूनच तर बोलतोय. आवाज येतोय का पंख्यांचा? छोटा कारखाना आहे. मालकीणबाई आईच्या वयाच्या. हसत नाहीत, बोलत नाहीत, बस म्हणूनसुद्धा म्हणाल्या नाहीत.

सासूबाई : आमच्या जुन्या मेट्रनची बहीण दिसतेय.

मुलगा : हसू नकोस. मला धाकच बसला. एका दालनात तयार पडदे ओळीने चालू ठेवलेत, रात्रंदिवस. भट्टीत शिरल्यासारखं गरम होतं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, ज्या पाट्यांना मरायचंय त्यांनी इथे मरावं, गिऱ्हाइकाच्या भिंतीवर नको.

सासूबाई : बाई कामाची आहे.

सून : परत आलेल्या मालाचं विचारलंस?

मुलगा : विचारलं. बाईंनी लगेच किल्ली काढली आणि एका खोलीत नेलं. कपाटंच्या कपाटं भरलीत, अगं. एकेक पाटी काढून दाखवली. ही बंदरावरून आली, खाऱ्या वाऱ्याने खाल्ली. ही लावणाऱ्याने उलटी जोडली. आणि ही आमची चूक.

सून : असं म्हणाल्या?

मुलगा : आमची चूक. दुभाषी मुलीने दोनदा विचारून घेतलं, तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग म्हणाल्या, ती चूक कळल्यावर पाटीचा सांधा बदलला, आणि आधीच्या गिऱ्हाइकांना आम्हीच फोन केले. त्यातल्या एका गिऱ्हाइकाशी मी बोललो. खरं आहे.

सून : मग घोडं कुठे अडलंय? तुझ्या आवाजावरून कळतंय.

मुलगा : वेळ. उद्घाटनापर्यंत माल पोचत नाही. मी म्हटलं, ते रात्रंदिवस तापवणं थोडं कमी करा, आमचं आम्ही बघून घेऊ. बाईंनी खोलीतला दिवा बंद केला आणि बाहेर निघून गेल्या. आता तूच सांग. इकडे आड, तिकडे विहीर.

सून : आई, कसला विचार करताय?

सासूबाई : जुन्या इमारतीतला पडदा आठवला. एकदा त्याचा आकडा अडकला. सकाळची गर्दी, आम्ही तोंडाने हाका मारत होतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक आजोबा कानाने अधू होते. पडद्यावर नजर लावून बसले होते. तपासणी संपली, डॉक्टर गेले, झाडू मारायला बाई आली, तरी बसलेले. मी म्हटलं, आजोबा, विचारलं का नाही कुणाला? तर म्हणाले, बाई, समोर दिसतंय की. माझा नंबर अजून यायचाय.

सून : मग?

सासूबाई : मग काय. दुसऱ्या दिवशी आले, तपासून गेले. काही मोठं दुखणं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीही ते त्याच पडद्याकडे बघत बसले होते गं. मी पुढ्यात उभी राहून हाक मारत होते आणि ते मान वाकडी करून माझ्या मागे बघत होते.

मुलगा : आई, हे तू कधी बोलली नाहीस.

सासूबाई : विषय निघाला नाही.

सून : मी अधीक्षकांना भेटून मुदत वाढवून मागते.

सासूबाई : मी येऊ बरोबर?

सून : नको. तुम्ही आलात तर तुमचा मान राखून हो म्हणतील, आणि नंतर धुसफुसत बसतील. माझं ऐकून म्हणाले तर ठीक.

(त्याच दिवशी, संध्याकाळी.)

मुलगा : बोल लवकर. काय म्हणाले?

सून : आधी पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मग चांगले ओरडले. मी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज खाली आल्यावर त्यांना परत आलेल्या पाट्यांच्या कपाटाचं सांगितलं, अडकलेल्या आकड्याचंही सांगितलं.

सासूबाई : माझं नाव घेतलंस?

सून : नाही घेतलं. पण त्यांनी ओळखलं. म्हणाले, सिस्टर बऱ्या आहेत ना?

मुलगा : अगं, पण निकाल काय?

सून : दर्शनी भिंतीचा मोठा पडदा दुसऱ्या कुणालातरी दिला. तो उद्घाटनाआधी लावतो म्हणालाय. प्रतीक्षागृहाचे आपल्याकडे राहिले. ते येईपर्यंत नर्सेस नावं पुकारतील.

सासूबाई : पोरींचे घसे बसणार.

मुलगा : म्हणजे फोटोत येणारा पडदा गेला.

सून : गेला. येताना रिक्षात मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मासेवाल्यांकडून घेतला असता, तर दोन्ही मिळाले असते.

मुलगा : मिळाले असते. मीच म्हणत होतो तसं.

सून : म्हणत होतास.

मुलगा : आता नाही म्हणत. … मग करतो सही. बाई समोरच उभ्या आहेत, मघापासून एकच विचारतायत. शेवटची खुर्ची भिंतीपासून किती लांब आहे? त्यावर आकडा केवढा करायचा ते ठरणार.

सून : नकाशात असेल. बघून सांगते.

सासूबाई : नकाशा काय सांगणार? उद्या मीच जाते. शेवटच्या खुर्चीत बसून बघते. चष्मा काढून.