शाकारलेला डबा

...आणि वर मलाच विचारतात, "ग्रीस कशाला लावलंत?" अरे, लोखंडाला ग्रीस नाही लावायचं तर काय अत्तर लावायचं?

तुम्हाला सांगतो, जेटीवर माझा बर्फाचा कारखाना आहे. शाळा मी चौथीत सोडली. पण मोसमात माझ्या बर्फाशिवाय एक होडी बाहेर पडत नाही, आणि कुणाला आधी, कुणाला नंतर, ते ठरतं नंबरावर. नंबर लावायचा, पाळी आली की लाद्या भरायच्या, निघायचं. साहेबाचा फोन येवो नाहीतर सोयऱ्याचा, पाळी हलत नाही. मजीदचा नंबर म्हणजे नंबर! एवढीच माझी इज्जत. बाकी माझ्याकडे आहे काय?

मग सून आली घरात, मनाल. शिकलेली. तिने नंबर घातला कॉम्प्युटरात. म्हणाली, "अब्बा, पेटी एकच, पण आत तीन कॉम्प्युटर आहेत. एक नंबराचा, एक शीतगृहाचा, एक कामगारांचा." मी मागे जाऊन बघितलं, खाली वाकून बघितलं. एकच! "दिसायचे नाहीत, अब्बा. नुसते आतल्या आत चालतात." आता एका होडीत तीन तांडेल बसवले तर होडी जाईल कुठे, तुम्हीच सांगा! पण चालत होतं. चालत्या इंजिनाला मी हात लावत नाही.

मग आला संदेश. भाट्ये गावचा, कॉम्प्युटरवाला, चष्मा नाकावर. "काका, उद्या पेटी बसली तर? बॅकअप नको? रोज सगळ्या नोंदींची नक्कल काढून एका वेगळ्या डब्यात ठेवायची. बोला, कशी काढू? रोज सगळी काढू, का एकदा सगळी आणि मग रोज फक्त बदललेलं तेवढं?"

म्हटलं, रोज सगळी! तुकड्यातुकड्याची साखळी केलीस, मधली एक कडी तुटली, की नांगर तळाला. मजीद अर्धं काम करत नाही.

"काका, रोज सगळी काढली तर डबा आठवड्यात भरेल."

"मोठा आण."

"तोही भरेल हो! म्हणून तर हा वेगळा डबा आणलाय. रोज सगळं घ्या, पण जे हुबेहूब तेच आहे, ते हा एकदाच ठेवतो."

म्हणजे बघा... नकला सात, आणि सामान एकाचंच! उद्या मी सात होड्यांना एकच लादी दाखवली तर चालेल का जेटीवर? समुद्रात फेकतील मला, लादीसकट! मी उठलोच. तर मनाल म्हणते, "अब्बा, बसा. कालवणाला वाटण रोज तेच ना? खोबरं, मिरची, धणे, तेच. आज बांगडा, उद्या सौंदाळा. वाटण एकदाच करून ठेवायचं, रोज फक्त मासा नवा. पण ताटात रोज अख्खं कालवण येतं की नाही?"

पटलं. कालवणाचं मला पटतं. पण मी मजीद आहे, लगेच विचारलं, "आणि वाटण नासलं तर?"

संदेशने चष्मा काढून पुसायला घेतला.

"सातही कालवणं गेली ना मग?"

संदेश म्हणतो, "म्हणूनच दुसरा डबा घ्यायचा, काका, दुसऱ्या गावात. तेच सांगणार होतो." सांगणार होता म्हणे! मी विचारेपर्यंत चष्मा पुसत होता.

ठरलं. एक डबा कारखान्यात, दुसरा नाटे गावात माझ्या बहिणीकडे, सुरय्याकडे. रोजचं सामान इंटरनेटवरून तिकडे जाणार. आणि काही अडलं तर मेसेज यायचा, तो माझ्याच मोबाईलवर. मनाल म्हणत होती, तिच्या मोबाईलवर टाका. का? डब्याचा मालक कोण?

तर जूनमध्ये मासेमारी बंद झाली. नाट्याला माझी होडी आहे, ती ओढून वर घेतली, माडाचे झाप टाकून शाकारली, इंजिनाला ग्रीस फासलं. सगळे तांडेल हेच करतात, माझा बाप हेच करायचा. घरात आलो तर कोपऱ्यात तो डबा, गुरगुरतोय! होड्या बंद, बर्फ बंद, आणि हा एकटा कुणासाठी जागा? भिंतीला ओल, हवेत खार, आणि डब्याला सगळीकडून भोकं. मला सांगा, बघवेल कुणाला? वायर काढली. भोकाभोकाला ग्रीस भरलं. प्लास्टिक, वर ताडपत्री, त्यावर झाप, आणि सुंभाची गाठ. सुरय्या म्हणाली, "भाई, मनालला विचारलंस?" म्हटलं, होडी शाकारताना कुणी सुनेला विचारतं?

मोबाईलवर रोज एक इंग्रजी मेसेज यायला लागला, लाल खुणेचा. मी म्हटलं कर्ज विकणारे असतील. खोडून टाकले. खोडायला मला येतं.

ऑगस्ट आला. होडी जेटीवर आणली, डबा तसाच राहिला. मोसमाचा पहिला बर्फ, सगळ्या बंदराने नंबर लावून ठेवलेले, आणि वाटपाच्या सकाळीच वीज कडाडली! पेटी गेली. आणि कारखान्यातला डबा? तोही गेला, कारण त्या चष्म्याने दोघांना एकाच बोर्डात खोचलं होतं! मला शिकवतो!

फाटकावर ही गर्दी. धोंडू तांडेल ओरडतोय, "मजीदभाई, माझा नंबर पयला!" मागचा म्हणतो, "तुझा कसला पयला, माझा पयला!" जेवढे तांडेल तेवढे पहिले! एकाने तर वल्हं उचललं. माझ्या फाटकावर वल्हं... आजवर नाही झालं ते. मी ओरडलो, "मागे व्हा! डबा येतोय नाट्याहून. मजीदचा नंबर म्हणजे नंबर!"

सुरय्या स्वतः घेऊन आली, मांडीवर धरून. मनालने सुंभ सोडला, झाप काढला, ताडपत्री काढली, प्लास्टिक काढलं. संदेशने बोट लावलं, बोट काळं. "काका, हे काय?" "ग्रीस." "का?" "गंज." दोघं कान कोरायच्या काड्या घेऊन भोकं कोरत बसली, फाटकावर शिव्या चालू, आणि एकदाचं बटण दाबलं. लागला दिवा! लागला की नाही? नाट्याला वायरीत असता तर कुणास ठाऊक! ग्रीसने वाचवला. हे कुणी बोलत नाही.

फक्त... आत नंबर होते मे महिन्याचे. गेल्या मोसमाच्या शेवटच्या दिवसाचे.

मी म्हटलं, नंबर तो नंबर. हाच चालवा. मनालने वाचला, "पहिला, बाबल्या." बाबल्या होडी विकून कुवेतला भांडी घासतोय. "दुसरा, बाबू." बाबूची होडी दुरुस्तीला, तळ उघडा. "तिसरा..." आणि पोरगी थांबली.

"वाच की!"

"तिसरा मजीद. आपली होडी, अब्बा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग धोंडू हळूच म्हणाला, "वा मजीदभाई. ग्रीस लावून नंबर काढलास."

मला! मला म्हणाला! मी फाटकावर चढलो. म्हटलं, "मजीदची होडी सगळ्यात शेवटी. बाकीचे या, त्या नंबराने. ज्यांचा त्यात नाही ते मागून." आले. कुणी वल्हं उचललं नाही. शेवटच्या लाद्या धोंडूनेच नेल्या, जाताना हात वर केला. सगळं बंदर रिकामं झालं, आणि धक्क्याला एकटी माझी होडी. बर्फाच्या मालकाची, बर्फाविना!

नंबर राहिला. मासा गेला.

आता मेसेज मनालकडे जातात. पेटी वेगळ्या बोर्डात, डबा वेगळ्या. नाट्याचा डबा पावसाळाभर गुरगुरणार, झाप नाही, गाठ नाही. आणि रोज सकाळी चहा देताना मनाल मला विचारते, "अब्बा, नाट्याच्या डब्याला हात नाही ना लावलात?"

काल सांगितलं, नाही. परवा सांगितलं, नाही. शेवटी म्हटलं, "पोरी, उत्तर रोज हुबेहूब तेच आहे, तर एकदाच ठेव की!"

तर म्हणते, "वाटण नासतं, अब्बा."

रोज सांगतो. नाही लावला.