शेषरावकाका मांजरांच्या रोगानं गेले नाहीत

बोरीतल्या माझ्या माणसांनो, आणि काकांच्या घरच्यांनो,

मी शाळेत शिकवते म्हणून मला बोलायला उभं केलंत. दुःख आहेच, त्याहून जास्त किळस आलीय. तुमची, आणि माझीही.

शेषरावकाकांनी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करत नोकरी काढली. परवा ते झोपेतच गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी त्यांना घरातून नेण्याआधीच माझ्या मागं कुणी तरी कुजबुजलं, "मांजराचा रोग बाधला म्हाताऱ्याला."

नाही बाधला. तो रोग माणसाला होतच नाही.

हिवाळ्यात गल्लीतली मांजरं मरायला लागली. उलट्या, जुलाब. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण प्यायची नाहीत. काका दारोदार सांगत फिरले, "विषाणू हाय, मांजरापुरताच हाय. लेकरांला काय होत न्हाई."

आपण ऐकलं का? आपण पोती आणली. आजारी, धडधाकट, पिल्लं, सगळी कोंबली. तोंडं सुतळीनं बांधली आणि कालव्यात टाकली. पोती हलत होती. मी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

काका या वयात कालव्यात उतरले. एक पोतं काठच्या झुडपात अडकलं होतं. त्यातून तीन मांजरं जिवंत निघाली. ती त्यांनी पत्र्याच्या खोलीत ठेवली. कातडीखाली सलाईन देत राहिले. दुसऱ्या मांजरांकडे रोग जाऊ नये म्हणून बाहेर येताना कपडे बदलायचे, चपला ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचे.

आणि आपण? नळावर त्यांची घागर बाजूला सारली. त्यांच्या नातीला वर्गात वेगळं बसवा म्हणालात. मी बसवलं. हो, मी.

चौथ्या दिवशी लाज वाटून त्यांच्याकडे गेले. विचारलं, "काका, औषध कोणतं देता?"

"बाई, त्या विषाणूला मारणारं औषध न्हाई. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशीच संपवतो. लढायचं मांजराच्या अंगानंच. नव्या पेशी तयार होईस्तोवर आपण फक्त अंगातलं पाणी टिकवायचं, ऊब द्यायची."

दोन मेली. एक तांबडी मांजरी सहाव्या दिवशी उठून पाणी चाटायला लागली. काका लय खूश झाले. म्हणाले, "आता हिला ह्यो रोग सहसा पुन्हा व्हायचा न्हाई. हिच्या अंगाला वळख पटली."

मग परभणीहून बर्फात ठेवून लस आणली. उरलेल्या मांजरांना टोचायला घरोघर गेले. ज्यानं पोत्यांची तोंडं बांधली, त्याच्याही घरी गेले. त्यानं गावाची मांजरं बुडवली आणि स्वतःचं मात्र कणगीमागं लपवून ठेवलं होतं. काकांनी त्या मांजरालाही लस टोचली. तो माणूस आज इथं हार घेऊन बसलाय. काकांनी त्याचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही.

आज सकाळी दोघंजण काकांच्या सुनेला विचारून गेले, "ती मांजरी कधी टाकायलाय?" ऐकून ठेवा. ती आजपासून माझ्या घरी राहील.

काका, तुम्हाला माफ करता आलं. मला अजून येत नाही.

आता उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहू. काका दारात येऊन सांगत होते, तेव्हाच गप्प राहून ऐकायला हवं होतं.