साहेब येणार म्हणून सारवलेला रस्ता

माहं माहेरही तांड्यावरचं अन् सासरही तांड्यावरचं, पुसदच्या अलीकडं. आमचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरत, आमी आता कापूस, तूर, सोयाबीन घेतो. काय सांगू ताई तुमाले, तांड्यापासून डांबरी सडकेपर्यंतचा आमचा रस्ता नुसता मातीचा. पान्याच्या दिवसात तिथं सायकल नाही चालत, एसटी कुठून येईल? पोरी चिखल तुडवत फाट्यावर जातात, मंग एक दिवस बाप म्हन्ते, बस झाली शाळा. माही नात पूजा आठवीत हाय, तिच्यासंगच्या दोघी घरी बसल्या. पूजाचं तसं होऊ नये, येवढ्यातच माहा जीव अडकला हाय.

आता आमचा बुढा. माह्या मालकाले मी बुढाच म्हन्ते, तो चिडते म्हनून. दर साली पान्यात फावडं-घमेलं घेऊन निघते, मुरूम टाकते, खड्डे बुजवते, कोनी सांगत नाही, कोनी मजुरी देत नाही. मी म्हन्ते, तुमी बुजवता म्हनून तं सरकार झोपून राह्यलं. तो म्हन्ते, अन् ते उठेपर्यंत पोरीनं जायचं कुठून? मी पंचायतीत मेंबर झाली तवापासून घरात ह्येच भांडन.

ग्रामसभेत बोलली, अर्ज केले, बांधकामाच्या हापिसात जाऊन जाऊन चपला झिजल्या, तवा कुठं साहेब म्हने, रस्ता पाहाले येतो. डांबरी झाला का एसटी तांड्यात येईल. मी खुशीत माहेरी लगनाले गेलती. वापस येते तं काय, बुढ्यानं अख्खा तांडा कामाले लावला! मुरूम चोपला, पानी शिंपडलं, बाया झाडून राह्यल्या. कायले म्हनलं, तं म्हने, पाव्हना येऊन राह्यला, गाडी फसली तं तांड्याची इज्जत काय राहील? घरी पाव्हने येतात तवा आपन आंगन सारवतो, तसा यानं रस्ता सारवला बाप्पा!

साहेबाची गाडी सरसर आली. म्हने, रस्ता तं चांगला हाय, याच्यापेक्षा खराब लय हायत, तुमचं मंग पाहू. अन् गेला.

मले हसू का रडू कळेना. मी बुढ्याशी बोलनंच सोडलं, तो जेवला नाही. सकाळी धुतलेलं धोतर नेसून म्हन्ते, चाल, मी येतो तुह्यासंग. जनमात हापिसाची पायरी न चढलेला मानूस ताई, साहेबापुढं हात जोडून म्हने, तो रस्ता नव्हता साहेब, ते मी सारवलं होतं. पान्यात या, मी हात नाही लावत. साहेब हसला, येतो म्हने.

आता पानी पडून राह्यला अन् बुढ्याचे हात शिवशिवून राह्यले. खड्डा दिसला का मान फिरवते. काल पूजा चिखलात पडली, दप्तर भिजलं, तिच्या बापानं ते दप्तर उचलून खुंटीले टांगलं, मले घरी बसलेल्या त्या दोघी पोरी आठवल्या. बुढा वसरीत बसून डोळे पुसे. लय माया हाय वो त्याच्यात, मी कितीबी बोलली तरी. मंग मीच घमेलं आनून त्याच्यापुढं ठेवलं. म्हनलं, चला, कडंकडंनं पाऊलभर वाट करू, पोरींपुरती. गाडीचे खड्डे साहेबासाठी तसेच राहू द्या.

आज सकाळी दोघंही लागलो. पूजा कोरड्या पायानं शाळेत गेली. आता साहेब आला अन् फसला, तं त्याची गाडी आमीच ढकलून काढू, पन रस्त्याच्या कागदावर सही झाल्यावर. देव त्याले लेकराबाळांसंग सुखी ठेवो, फक्त पानी उघडायच्या आधी धाडो.