मोतीरामच्या सायकलची नळी

नाय, नाय — दहा सोडा, एक पण होणार नाय. आणि ते पेपराचं कात्रण आधी खिशात घाला साहेब, मला बघवत नाय ते. वाचलंय मी. इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय — ‘रोह्याचे कुशल कारागीर श्री. एझ्रा यांनी अपंग आदिवासी बांधवासाठी खास सायकल तयार केली’. कुशल! थू! बसा, त्या स्टुलावर बसा, नायतर नका बसू, ग्रीस लागेल पँटीला. पेणहून एवढ्या लांब आलात, मंडळाचं पत्र घेऊन — सव्वीस जानेवारीला दहा सायकली पायजेत, दहा वाड्यांवरची दहा लंगडी माणसं स्टेजवर उभी करायची, फोटो काढायचा — आणि वर म्हणता, अगदी तशीच बनवा. तशीच! ती कशी होती ठाऊक तरी हाय का तुम्हाला? कुठून असणार. तुम्ही फोटोत होतात, हार घेऊन. मी नव्हतो. तुमचा समारंभ पंधरा ऑगस्टला, त्या दिवशी आला शनिवार, आणि आम्ही यहुदी, शनिवारी आमचा शब्बाथ, हत्याराला हात लावायचा नाय, दुकानाची फळी काढायची नाय. आमच्या पणज्यांना गावात शनवार तेली म्हणायचे ते उगाच नाय — शनवारी घाणा बंद म्हणजे बंद. तर मी घरी बसलो होतो, धुतलेले कपडे घालून, देवाचं नाव घेत. शब्बाथ अगदी नीट पाळला मी. त्याचीच मला जास्त किळस येते.

मोतीराम कोण ते तरी आठवतं का? नाव नाय, चेहरा? — असू दे. खाडीपलीकडल्या कातकरवाडीतला. डावा पाय लहानपणी तापात गेला, सुकलेल्या शेंगेसारखा झालाय, गुडघा पुरा वाकत नाय. पण उजवा — उजवा पाय असा दणकट, की त्या एका पायावर चिखलात उभा राहून पागाचं जाळं टाकायचा. मासळी तो धरायचा आणि बायको, पारी, डोक्यावर डबा घेऊन चालत धाटावला न्यायची, शिफ्ट सुटते तिथं. कंपनीतली माणसं ताजी मासळी घेतात. एवढंच होतं त्याच्या मनात, की डबा आपण न्यावा, तिच्या डोक्यावरून उतरावा. मला म्हणाला, दादा, माझ्या पायाला जमेल अशी सायकल व्हईल काय? आणि मी म्हटलं, का नाय व्हणार? माझा बाप सायकली जोडायचा, मी तीस वर्षं जोडतोय. का नाय व्हणार!

आणि झाली की. अर्धी झाली तोवर झकास झाली होती. डाव्या बाजूचा क्रँक, पायडलाचा दांडा, मी कापून आखूड केला — गुडघा वाकत नाय ना, मग पायडल लहान फेऱ्यात फिरलं पायजे — आणि उजवा पुऱ्या लांबीचा ठेवला. त्याला बसवून बघितलं, गर्रकन फिरवलंन. लहान पोरासारखा हसत होता, पारी पदर तोंडाला लावून उभी होती. इथपर्यंत मी कारागीर. इथपर्यंत लिहा पेपरात काय लिहायचं ते. पण त्याची वाट कुठली? खारबांधावरची, खाडीकाठच्या मातीच्या बांधावरची. पावसात बांधाचं लोणी होतं, साधं टायर रुततं, त्यात मागं पाण्यातली मासळी, चाळीस किलोचा डबा. म्हणून मागं मी मोपेडचं जाड टायर घातलं. आणि तिथं सगळं अडलं. जाड टायर बसलं, पण चेन टायरला घासायला लागली. म्हटलं, ठीक हाय, मागचं फ्रीव्हील, चेन बसते ते दातेरी, वायसर घालून बाहेर काढू. काढलं — तर चेन तिरपी धावते, दोन फेऱ्यांत उतरते. मग मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूच्या नळ्या जॅक लावून फाकवल्या. चेन टायरपासून सुटली. आता पुढचं दातेरी चाक, पायडलाजवळचं — त्याचे दाते त्या फाकवलेल्या खालच्या नळीला लागायला लागले. करर्र, करर्र, एकेक फेऱ्याला. किती जागा कमी पडत होती सांगू? नखाएवढी. हे एवढं. ह्या नखाएवढी.

आता ह्यावर उपाय काय? — तुम्ही काय सांगणार, मीच सांगतो. उपाय एकच, पायडलाचा एक्सल लांब घ्यायचा, म्हणजे दातेरी चाक आपसूक बाहेर सरकतं. तसला एक्सल तयार मिळत नाय, ना इथं, ना पेणला. धाटावला रघू लेथवाला हाय, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, करून देतो, पण सोमवारी. सोमवारी! आणि तुमचा समारंभ शनिवारी. मी तुमच्या मंडळाला फोन केला होता साहेब, समोरच्या एसटीडीवरून, त्या तुमच्या हैबतरावांना — म्हटलं, आठ दिवस द्या. तर म्हणाले, पाहुण्यांची तारीख एकदाच मिळते, सायकल उभी दिसली की झालं, चालवायची कुठाय स्टेजवर? ऐकलंत? चालवायची कुठाय. मला तेव्हाच ओकारी यायला पायजे होती. पण हैबतरावांच्या नावानं बोटं मोडून काय उपयोग, हातोडी काय त्यांच्या हातात होती?

शुक्रवारी दुपारी चारला सुरुवात केली. दिवस बुडाला की शब्बाथ लागतो, त्याच्या आत हात धुवायचे होते, हन्ना दोनदा बोलवायला आली — बायको माझी — तिनं दिवे मांडून ठेवले होते. मी ती नळी लाल केली आणि गोल सळई ठेवून हातोडीनं चेपली, दाते जातील एवढा खड्डा पाडला. आता एवढं सगळेच करतात, एवढ्यानं काय होत नाय. पण तरी लागत होतं, खालच्या कडेला. मग मी कानस घेतली. आणि घासली. घासत गेलो, घासत गेलो — माझ्या हाताला कळत होतं साहेब, तीस वर्षांचा हात हाय हा, कानशीखालचा आवाज बदलतो, भरीव लोखंड एक बोलतं आणि पातळ झालेलं वेगळं बोलतं. मला ऐकू आलं. मी घासत राहिलो. दातेरी चाक सुटलं, मोकळं फिरायला लागलं, मी वरून काळा रंग मारला. रंग मारला की काय दिसतंय? हात धुतले. घरी गेलो. दिवे लागले.

थांबा, उठू नका, आता निघालात तर अर्धंच ऐकून जाल. रघूनं एक्सल आणून दिला. सोमवारी, बोलल्याप्रमाणे, वेळेवर. अर्ध्या दिवसाचं काम होतं — मोतीरामला निरोप धाडायचा, सायकल आणवायची, नळीला पट्टी ठेवून पितळेचा डाग देऊन ब्राझिंग करायचं, नवा एक्सल घालायचा. कोणाला कळलंही नसतं. आणि त्याच सोमवारी सकाळी तुमचा पेपर आला. लोक दुकानात यायला लागले — एझ्राशेठ, नाव काढलंत रोह्याचं. शाळेतले मास्तर आले, पोस्टातले आले. इंदुबाई समोर भाजी विकते, तिनं गिऱ्हाइकांना हात करून दाखवलं, तो बघा तो. आणि मी काय करू? निरोप धाडून सांगू, की बाबा, ती सायकल आत सडकी हाय, परत आण? म्हटलं, जरा चार दिवस जाऊ दे. एक्सल छर्ऱ्यांच्या डब्यात टाकला. चार दिवस गेले. आठ गेले. पाच आठवडे गेले, साहेब. रोज तो डबा उघडत होतो छर्रे काढायला, आणि एक्सल बाजूला सारून छर्रे काढत होतो. असा माणूस मी. तुमच्या मंडळाला असा कारागीर पायजे?

धाटावच्या रस्त्यावर, दुपारची शिफ्ट सुटत होती. मागं भरलेला डबा. नळी तुटली, चाक तिरपं झालं, चेन अडकली आणि तो उजव्या बाजूला पडला. चेनची बाजू उजवी असते ना. कंपनीची बस मागून येत होती, ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून जीव राहिला. पाय नाय राहिला. कुठला? — उजवा. चांगला होता तो. मांडीत मोडला, तीन महिने पलस्तर, आणि आता जुळलाय तो आखूड जुळलाय. आता बसून जाळी विणतो. डबा? डबा पारीच्या डोक्यावर. आणि धरायला पण तीच जाते, चिखलात, कमरेएवढ्या पाण्यात. तुम्हाला ठाऊक नव्हतं? कसं ठाऊक असणार, त्याचा फोटो कोणी काढला नाय.

मी बघायला गेलो तर तो मलाच हात जोडतो. म्हणतो, दादा, सायकल लई चांगली होती, माझाच भार जास्ती झाला. माझाच भार! आणि मी काय बोललो असेन? मी बोललो — व्हय रे, भार जरा जास्तीच घातलास. बोललो! ह्या तोंडानं. पारी बाजूला उभी होती, तिनं नवऱ्याला दटावलं, सांगत व्हते ना तुला, कमी घाल म्हणून. तेव्हापासून ती दर गुरुवारी हन्नाला मासे आणून देते. चिंबोऱ्या, खेकडे आम्हाला धर्मानं चालत नाय हे ती ध्यानात ठेवते, खवल्याचेच मासे आणते, निवडून, मोठी मोठी बोयटं. हन्ना म्हणते, किती माया हाय गो हिला आपली. मागच्या गुरुवारी मी मागल्या दारी जाऊन ओकलो.

सप्टेंबरात, तो पडला त्याच्या पुढल्याच आठवड्यात, आमचा दारफाळणीचा सण होता. त्या दिवशी दारं लावून कडक उपास करतात, वर्षाची पापं देवापुढं मांडतात. मी मांडली. छाती बडवली. पण आमच्यात सांगतात, देवाचा गुन्हा असेल तर देव सोडतो, माणसाचा असेल तर त्या माणसाकडेच जायचं, देव मधे पडत नाय. हे मला लहानपणापासून ठाऊक. आणि गेलो का? नाय गेलो. आणि आता आमचे कागद आलेत. तिचा भाऊ एलियाह तिकडे इस्राएलला असतो, जूनमध्ये आम्ही चाललो कायमचे. पत्र आलं तेव्हा पहिला विचार काय आला असेल डोक्यात? भावाचा नाय, देवाच्या भूमीचा नाय. हा आला — हन्नाला पण बोललो नाय मी हे — की सुटलो. आता सांगायला नको. विमानात बसलं की कोण कातकरी, कुठली खाडी. छी. कुत्र्याला पण लाज असते.

काय बघता? कोणाला सांगायचं नव्हतं मला हे. तुम्ही आलात, ते पत्र पुढं केलंत, ‘तशीच’ म्हणालात, आणि — जाऊ द्या. कोणाला तरी सांगून झालं. तुम्ही कोण माझे? कोणी नाय. मग तुम्हाला सांगता येतं आणि त्याला येत नाय?

उठा आता. उठा साहेब, मला फळ्या लावायच्यात. आज काय शनवार नाय, तरी लावायच्यात. वाडीवर चाललो. — नाय, तुमच्या जीपमधून नको. तुम्ही बरोबर नको, तुमचं मंडळ नको. ते पत्र पण घेऊन जा. चालतच जाईन, ओहोटी हाय तोवर पलीकडे पोचलो पायजे.

सरका. तुमच्या मागची फळी द्या इकडं.